परत पाठवलेलं पोतं

आधीच कबूल करते, या प्रवासाला मी निसर्ग बघायला निघाले नव्हते. मी जाब विचारायला निघाले होते. तेही मे महिन्यात आणि भंडारा जिल्ह्यात, जिथं या दिवसांत तिथली माणसंसुद्धा दुपारी बाराच्या आत घर गाठतात. घरच्यांनी मला वेड्यात काढलं आणि सोबत इलेक्ट्रालची पाकिटं दिली.

कारण सांगते. पुण्यात आमच्या सोसायटीत आमचा एक तांदूळ गट आहे, चाळीस घरांचा. दुकान नको, दलाल नको, पाकीट नको, ज्यानं पिकवलं त्याच्याकडूनच घ्यायचं, असं ठरवून मीच तो सुरू केला. दिघोरीच्या वनिताबाई दर जानेवारीत आम्हाला चिन्नोर पाठवतात. चिन्नोर म्हणजे भंडाऱ्याकडचा जुना वाण. बारीक दाणा, आणि शिजायला लागला की शेजारीण दार वाजवून विचारते, आज काय विशेष? वनिताबाई तो गावातल्या लहान गिरणीत भरडून घेतात, पॉलिश करत नाहीत. आम्हाला या सगळ्याचं भारी कौतुक. पाहुण्यांना भात वाढताना आम्ही तांदळाबरोबर वनिताबाईंची गोष्टही वाढत असू.

मग मार्चमध्ये बी विंगच्या सेक्रेटरींच्या तांदळाच्या डब्यात टोके, म्हणजे बारीक काळे किडे, निघाले. त्यांनी एका टोक्याचा फोटो इतका मोठा करून गटावर टाकला की तो चावेल अशी भीती वाटली. झालं. एरवी ‘रसायनमुक्त, रसायनमुक्त’ म्हणून नाकानं कांदे सोलणारे लोक एका दिवसात खवळले. एक पोतं अजून वाटायचं होतं. ते परत पाठवायचं ठरलं आणि सोबतचा निरोप मी लिहिला. ‘असा माल चालणार नाही. बदलून पाठवा.’ माल हा शब्दही माझाच.

एप्रिलमध्ये बदली तांदूळ आला. तो सगळ्यांना आवडला. सेक्रेटरींनी अंगठा पाठवला. मी आभार मानायला फोन केला तेव्हा वनिताबाई एवढंच म्हणाल्या, ‘आता यंदा चिन्नोर लावणं होत नाही, ताई. दुसरं लावू.’ आणि फोन ठेवला. मला वाटलं, कुणीतरी मोठ्या गिरणीवाल्यानं त्यांना फितवलं. पाच वर्षांचं आमचं नातं असं मोडतं म्हणजे काय? मी तिकीट काढलं.

लाखनी

लाखनी हे हमरस्त्यावरचं गाव. ट्रक आले की बोलणं थांबवायचं, गेले की पुढचं वाक्य घ्यायचं, असा तिथला रिवाज आहे. दिघोरीच्या एसटीला वेळ होता म्हणून मी आलूबोंडा खाल्ला. वर लाल तर्री ओततात. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी, दुसऱ्याला नाकात, आणि तिसरा आपण मागून घेतो.

शेजारी किराणा दुकान होतं. सहज आत डोकावले तर समोर छातीएवढा ढीग, चिन्नोरच्या पाकिटांचा. चकचकीत प्लास्टिक, त्यावर हिरवं शेत, शेतात नऊवारी नेसून हसणारी एक गोरीपान बाई. भंडाऱ्यात भाताच्या शेतात नऊवारी नेसून हसणारी बाई मला पुढच्या चार दिवसांत कुठंही दिसली नाही. वर लिहिलेलं, ‘अस्सल पारंपरिक सुगंध. शंभर टक्के कीडमुक्त.’ मी पाकीट उलटं केलं. भरल्याचा पत्ता भलत्याच राज्यातला.

‘हे इथलं आहे का हो?’ मी दुकानदाराला विचारलं.

‘तांदूर कोटचा असन थे मले कसं माहीत जी,’ तो म्हणाला. ‘कंपनीचा आहे. चांगला आहे. पांढराफटक. निवडा लागत नाही.’

‘पण आजूबाजूला चारी बाजूंनी भातशेती आहे! इथल्या लोकांनी पाकिटातला का घ्यायचा?’

‘काहून म्हणजे? इथलं धान इथं कुठं राहते? सारं गिरणीत जाते ना. मंग लोकं का खातीन?’

त्यानं हे अगदी सहज सांगितलं. पिकतं तिथं विकत नाही ही म्हण मी हजारदा ऐकली असेल. पण पिकतं तिथंच लोक दुसऱ्याचं विकत घेऊन खातात, हे कुठल्याच म्हणीत बसत नव्हतं. धान इथून ट्रकनं जायचं, त्याचा कोंडा काढायचा, कोंड्याबरोबर त्यातलं सत्त्व काढायचं, आरशासारखा गुळगुळीत करून त्याला वास लावायचा (त्या पाकिटाचा वास मला अत्तराच्या दुकानातला वाटला), आणि मग तोच त्याच रस्त्यानं परत आणून त्याच माणसाला विकायचा. याला आपण सुधारणा म्हणतो. मी पाकीट जागेवर ठेवलं आणि जरा जोरातच ठेवलं.

दिघोरी

एसटीतून उतरले तेव्हा वनिताबाईंचे यजमान, देवरावभाऊ, डोक्याला दुपट्टा गुंडाळून पानठेल्याच्या सावलीत उभे होते. पुण्याची बाई आपल्याकडं येणार हे पानठेल्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. ते सगळे माझ्याकडं बघत होते आणि त्या बघण्यात पाहुणचार कमी होता. त्याचं कारण मला नंतर कळलं.

वाटेत गावचा तलाव लागला. मे महिन्यात त्याचं पाणी मधोमध गोळा झालेलं, कडेच्या चिखलाला भेगा पडलेल्या, आणि पलीकडं बांध्याच बांध्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेला भाताचा तुकडा. आता सगळ्या कोरड्या होत्या.

वनिताबाई माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहान असतील. पाच वर्षं फोनवर बोललेल्या बाईला प्रथमच बघत होते. ‘या जी ताई, बसा जी, लय ऊन लागलं असन,’ म्हणत त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं. मी पिशवीतून भेट काढली, पुण्याहून आणलेली बाकरवडी. प्लास्टिकच्या पाकिटात. यंत्रावर केलेली. लाखनीला पाकिटांवर एवढी चिडलेली मी, त्या क्षणी माझ्या ते ध्यानातही आलं नाही.

जेवायला बसलो. लाखोरीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी, तिच्यावर भरपूर सांबार (तिकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात, मी आधी इडली शोधत होते), कैरीचं लोणचं. आणि मग भात आला. पांढराफटक, दाणा दाण्याला न लागणारा, काचेसारखा. मी पहिला घास घेतला. अत्तराचं दुकान!

‘वनिताबाई, हा तांदूळ कुठला?’

त्या ओशाळल्या. ‘लाखनीवरून आणवला. तुमच्यासाठी. चांगला आहे ना?’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘तुमच्या शेतात चिन्नोर होतो आणि तुम्ही मला हे पाकीट वाढता?’

‘आमचा तुमाले चालत नाही ना जी,’ त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता, तेच मला झोंबलं. ‘त्यात सोंडे निघाले. पाहुण्याले तसा कसा वाढू? हा कंपनीचा. याच्यात किडा पडत नाही.’

‘पडन कसा?’ देवरावभाऊ पहिल्यांदा बोलले. ‘सोंड्याले कळते ना तांदूर कोणता खावा थे. माणसाले कळत नाही.’

‘चूप राहा तुमी,’ वनिताबाई म्हणाल्या.

त्या भागात पाहुण्याला घरातलं सर्वांत चांगलं वाढतात. हे सगळीकडंच असतं, पण इथं त्यात तडजोड नाही. आणि आमच्या एका निरोपानं या बाईची समजूत झाली होती की आपल्या घरातलं सर्वांत चांगलं आता आपलं पिकवलेलं नाही, ते लाखनीच्या दुकानात मिळतं. पाकिटावरची ती हसणारी बाई जे काम कितीतरी वर्षं करू शकली नव्हती, ते मी दोन ओळींत केलं होतं. मी भात संपवला. ताटात टाकायची सोय नव्हती. घरातली बाकीची मंडळी चुलीजवळ काय खात होती ते मी बघितलं. ती आपला तांदूळ खात होती.

दुसऱ्या दिवशी मी हटून बसले की मला तुमचाच भात हवा. वनिताबाईंनी कोपऱ्यातलं पोतं सोडलं. पोत्यावर माझ्याच हातचं अक्षर होतं. ‘परत.’ खाली दोन रेघा.

‘याच्यात काय झालं होतं जी?’ त्या सांगू लागल्या. ‘दोन दिस उन्हात टाकला, पाखडला, कडुलिंबाचा पाला घातला. गेले सोंडे. दरसाल तसंच करतो आमी. तुमी फोन करून विचारलं असतं त सांगतलं असतं.’

आम्ही विचारलं नव्हतं. चाळीस घरांतल्या एकाही शिकल्यासवरल्या माणसाला सुपात तांदूळ घेऊन पाखडता येत नाही, आणि ते येत नाही याची लाजही वाटत नाही. आमच्या आज्या हेच करत होत्या. आम्हाला तांदूळ मातीतला हवा आणि आयुष्य प्लास्टिकमधलं. शितावरून भाताची परीक्षा करतात म्हणे, आम्ही ती एका टोक्यावरून केली होती.

तो भात शिजला तेव्हा अंगणातून आत येणाऱ्या देवरावभाऊंनी दारातच मोठा श्वास घेतला. मी दोनदा वाढून घेतला. आम्ही परत पाठवलेला तांदूळ तो हाच होता.

जेवण झाल्यावर मी ज्यासाठी आले होते ते विचारलं. ‘मग यंदा चिन्नोर का लावत नाही? कुणी काही कबूल केलंय का तुम्हाला? गिरणीवाल्यानं?’

मग देवरावभाऊ उठले आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेले. तिथं ढोली होती, बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली, माझ्या खांद्याएवढी उंच कणगी. शेजारी तशीच एक लहान. त्यांनी लहानीचं झाकण काढलं. आत चार कडुलिंबाची वाळकी पानं होती.

‘हे बियाचं धान होतं,’ ते म्हणाले. ‘थेच भरडून तुमाले धाडलं.’

मी त्या रिकाम्या ढोलीत वाकून बघितलं.

‘दुसरा तांदूर कोटून आणणार होतो? सारा तुमालेच त देल्ला होता. तुमी म्हटलं, बदलून पाठवा. ही म्हणे, बदलून पाठवला पायजे. मी म्हटलं, बियाले हात नको लावू. माझ्या बापानं उपाशी राहून बियाले हात नाही लावला. हिनं आयकलं नाही.’

‘कसं आयकू?’ वनिताबाई दारातून म्हणाल्या. आता त्यांचा आवाज चढला होता, आणि मला ते बरं वाटलं. ‘पोतं गाडीवाल्यानं पानठेल्यावर उतरवलं. साऱ्या गावानं पाह्यलं. काहून परत आलं जी, काहून परत आलं, जो तो विचारून राहिला. पाच साल मी साऱ्याले सांगून राहिली होती, पुण्यावाले माझ्या हातचं खातेत म्हणून. इथून गेलेलं धान कधी परत येत नाही, ताई. गिरणीतूनबी परत येत नाही. माझं आलं.’

एप्रिलमध्ये आमच्या गटानं कौतुकानं खाल्लेला, सेक्रेटरींनी अंगठा पाठवलेला तो तांदूळ म्हणजे पुढच्या वर्षीचं बियाणं होतं. आम्ही थेट शेतकऱ्याकडून घेतो असं मिरवणाऱ्यांनी त्या शेतकऱ्याचं बी थेट पोटात घातलं होतं. गिरणी निदान बियाणं सोडते. आम्ही तेही सोडलं नव्हतं, आणि वर जाब विचारायला मी गाडीनं गेले होते. मला रडू आलं आणि ते रागाचं होतं.

‘गावात कुणाकडं असेल ना?’

‘साऱ्याईनं सोडलं,’ देवरावभाऊ म्हणाले. ‘उशिरा येते, उंच वाढून पडते. गिरणीवाल्याले ठोकळ, जाडा दाणा पायजे. पवनीले आमच्या बहिणीकडे होतं. पाहू जाऊन.’

पवनी

पवनीला वनिताबाई माझ्याबरोबर आल्या. वैनगंगेच्या काठचं हे फार जुनं गाव. जुना दरवाजा आहे, बौद्ध काळातले अवशेष आहेत, आणि एरवी मी तिथं वही काढून बसले असते. या वेळी आम्ही दोघी भर उन्हात डोक्यावर पदर घेऊन थेट नणंदेच्या घरी गेलो. कांताबाई त्यांचं नाव. ऐसपैस बाई, बोलणं त्याहून ऐसपैस.

‘चिन्नोर?’ त्या म्हणाल्या. ‘दोन साल झाले ना सोडून. पोट्टे म्हणतेत, आई, कायले थे लावतं. आता मीबी रेशनचा खातो.’ मग वनिताबाईंकडं वळून, ‘तू काहून भरडलं वं बी? इतकी शहाणी तू!’

मी म्हणाले, ‘चूक माझी आहे.’

‘मंग तुमी द्या आणून,’ कांताबाई सरळ म्हणाल्या आणि सरबत करायला उठल्या.

मी ओट्यावर बसून राहिले. डोक्यावर दाराच्या चौकटीला भाताच्या लोंब्यांचं तोरण टांगलेलं होतं. असं तोरण तिकडं घरोघरी असतं. कापणी झाली की नव्या लोंब्या गुंफून दारावर टांगतात, चिमण्यांसाठी. शेतातला पाखरांचा वाटा त्यांना घरी आणून द्यायचा. कांताबाईंच्या तोरणात एक दाणा उरला नव्हता. नुसती फोलं होती आणि ती वाऱ्यानं हलत होती.

‘चिमण्या सारं खातात का हो?’ मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

‘संक्रांतीपर्यंत दाणा राहत नाही,’ वनिताबाई म्हणाल्या. ‘म्हणून त तुमच्या तोरणाले मी दाट गुंफतो.’

तुमच्या तोरणाले!

दर जानेवारीला तांदळाबरोबर प्रत्येक घरासाठी एक तोरण येत असे. चाळीस घरं, चाळीस तोरणं. ‘दाराले बांधा जी, पाखरं येतीन.’ आम्ही ती बांधली होती. पण आमच्या दारांना जाळ्या आहेत, जिन्यांना काचा आहेत, गॅलऱ्यांना कबुतरांची नेट आहे. अकराव्या मजल्यावर कुठली चिमणी? माझ्या स्वतःच्या दारावरचं तोरण मे महिन्यात जसंच्या तसं होतं, भरलेलं.

‘वनिताबाई,’ मी ओरडलेच, ‘आमच्या तोरणाचं धान कुठलं?’

‘कोटलं म्हणजे? त्याच बांधीचं. चिन्नोर.’

‘ते उगवेल?’

‘काहून नाही उगवन?’ म्हणत त्यांनी कपाळावर हात मारला. सरबताचे पेले घेऊन कांताबाई बाहेर आल्या तेव्हा आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत होतो.

मी तिथूनच गटावर निरोप टाकला. सगळा लिहिला, काही न लपवता. बियाणं आपण खाल्लं आहे, सगळ्यांनी दारावरची तोरणं उतरवून ठेवा, मी येतेय. वाटलं, लोक हळहळतील. पहिलं उत्तर आलं, ‘पण ते डेकोरेशनला किती छान दिसतं!’ दुसरं, ‘मग पुढच्या जानेवारीत तांदूळ मिळणार की नाही, ते क्लिअर करा.’ तिसऱ्यानं एका पाकिटाचा फोटो पाठवला होता, हिरवं शेत, नऊवारी. ‘तोवर हा मागवू या का? कीडमुक्त आहे.’

मी फोन बंद करून पिशवीत टाकला. हातात राहिला असता तर वैनगंगेत गेला असता.

पुणे

परत आल्यावर मी दारोदार फिरले. काहींनी तोरण आनंदानं दिलं आणि सोबत एक फोटो काढला. काहींनी ते होळीच्या आधी साफसफाईत टाकून दिलं होतं. एका घरी ते काचेच्या फ्रेममध्ये होतं, खाली नावही लिहिलं होतं, ‘ग्रामीण कला’. फ्रेम मी तिथंच उघडायला लावली. एका आजींनी मात्र न विचारता तोरणातले दाणे काढून, पाखडून, फडक्यात बांधून ठेवले होते. त्या सांगलीकडच्या. म्हणाल्या, ‘बी आहे ते. दारावर कशाला वाळवायचं?’

सेक्रेटरींच्या दारावरचं तोरण सगळ्यांत सुंदर दिसत होतं. उन्हात लखलखत होतं.

‘व्हार्निश मारलंय,’ ते अभिमानानं म्हणाले. ‘दोन कोट. आता त्याला काही होत नाही.’

एकतीस तोरणं जमली, सेक्रेटरींचं व्हार्निश मारलेलंही त्यातच. मी ती एका रविवारी माझ्या घरात बसून सोलली. बोटांना कुसळं लागली. जमलेलं धान एका उशीच्या अभ्र्यात मावलं. पाच वर्षं चाळीस घरांनी ज्याचं कौतुक केलं त्याची एवढीशी पुरचुंडी. कुरिअरवाल्यानं विचारलं, ‘आत काय आहे?’ मी म्हटलं, ‘पाहुणा आहे, घरी चाललाय.’ त्यानं ‘खाद्यपदार्थ’ लिहिलं.

जुलैत वनिताबाईंचा फोन आला. मागं पाण्याचा आणि बायकांच्या बोलण्याचा आवाज होता.

‘निघालं जी ताई. सारं नाही, पण बम निघालं. एक बांधी होते. आजच रोवणं झालं.’

मग मी म्हणाले, ‘आम्हाला यंदा तांदूळ नको हं, वनिताबाई. पुढच्या वर्षीही नको. सगळं बियाला ठेवा.’

‘थे त ठेवीनच,’ त्या म्हणाल्या. ‘तुमाले विचारून थोडी ठेवणार होतो.’

मला तेच ऐकायचं होतं. मी हसले, त्याही हसल्या. फोन ठेवता ठेवता त्या थांबल्या.

‘तोरण धाडीन मी, ताई. चाळीसबी धाडीन. पण साऱ्याईले सांगून ठेवा, त्याले रंग नका लावू जी.’